जिभेखालचा खडा

“चावायचा नाही, बाबा. चघळायचासुद्धा नाही. जिभेखाली ठेवायचा आणि गप्प बसायचं.”

“एवढंच?”

“बोललात. बाद.”

“अगं, अजून तोंडात टाकलाय कुठे?” बाबांनी कवळीच्या प्लास्टिकचा तो गुलाबी खडा खिडकीच्या उजेडात धरला आणि त्याच्या कडेवरून अंगठा फिरवला. एका जागी अंगठा अडला. मला तिथे काहीच दिसत नव्हतं. बाबा उठले, घासायच्या यंत्राशी गेले, घर्र आवाज झाला, परत आले, पुन्हा अंगठा. मगच खडा तोंडात गेला. बाबांचं हे असंच आहे. जगातली कुठलीही वस्तू कुणाच्या तोंडात जाणार असली, की ती आधी त्यांच्या अंगठ्याखालून जाते.

बाबा कवळ्या बनवतात. दवाखान्यात डॉक्टर लोकांच्या जबड्यांचे ठसे घेतात, ते डब्यांतून आमच्याकडे येतात आणि घराच्या मागच्या खोलीत बसून बाबा त्यांवरून दात करतात. माणूस त्यांना दिसतच नाही, नुसता जबडा दिसतो. रस्त्यात एखादे आजोबा मनापासून हसताना दिसले की बाबा हळूच म्हणतात, “माझे असावेत.” खोलीत भिंतभर फळ्या आहेत आणि फळ्यांवर प्लास्टरचे पांढरे जबडे, ओळीने, आ वासून. माझी मैत्रीण चष्मिष पहिल्यांदा आली तेव्हा दारातच थबकली होती. “हे सगळे आपल्याला हसतायत का गं?” तिने विचारलं. “छे,” बाबा म्हणाले, “जेवणाची वाट बघतायत.” त्या दिवशी बाबा एवढंच बोलले असतील.

सगळ्यात वरच्या फळीवर, कोपऱ्यात, एक साचा फडक्याने झाकलेला असतो. तो माझ्या मोठ्या काकांचा. काकांचे वरचे सगळे दात खोटे आहेत हे त्यांच्या मुलांनासुद्धा ठाऊक नाही. आम्हाला ठाऊक आहे. पण ते फडकं आमच्यात कुणी उचलत नाही आणि तो विषयही कुणी काढत नाही.

तर, शनिवारी दुपारी या खोलीत आम्ही ‘ग्रह’ खेळतो. खेळ माझा आहे. म्हणजे जग मी रचलेलं, नियम मी केलेले आणि आता पुढे काय घडतंय ते सांगणारीसुद्धा मीच. बाकीच्यांनी एकेक सोंग घ्यायचं आणि त्या सोंगासारखं बोलायचं, वागायचं. अडलं की फासा टाकायचा. गेल्या वर्षीपर्यंत वर्गात उत्तर देताना बाई मला हमखास म्हणायच्या, “जरा मोठ्याने बोल, बाळ.” या वर्षी एकदाही म्हणाल्या नाहीत. एका अख्ख्या ग्रहाचा कारभार हाकायचा तर पुटपुटून कसं चालेल?

माझ्या ग्रहावर राहतात ते खडेवाले. अंगाने राखाडी, डोळ्यांना पापण्या नाहीत, आणि त्यांच्यात घराची अब्रू असते पुरुषांच्या तोंडात. खरोखरीच तोंडात. मुलगा वयात आला की आई त्याला नदीतला एक खडा देते. परकं माणूस समोर आलं की तो खडा जिभेखाली गेलाच पाहिजे. म्हणजे परक्यांपुढे पुरुष बोलूच शकत नाहीत. सौदे, भांडणं, तह, लढाया सगळं बायका करतात. पुरुष पोरं सांभाळतात आणि खडा सांभाळतात. मात्र घरात शिरून दार लागलं की ते खडे काढून वाटीत ठेवतात आणि मग इतके बोलतात, इतके बोलतात, की बायका बिचाऱ्या कानात कापूस घालून झोपतात.

“आणि परक्यांपुढे बोलायचंच असेल एखाद्याला तर?” चष्मिषने एकदा विचारलं होतं. ती शंकेखोर आहे.

ज्या नियमाला दार नाही तो नियम खेळायला कंटाळवाणा होतो, हे मला आता कळतं. म्हणून मी जागच्या जागी एक दार केलं. “बोलू शकतो. एकदाच. खडा सगळ्यांदेखत काढून खाली ठेवायचा. तो परत उचलायचा नाही. त्यानंतर त्याची अब्रू संपली. जेवायला त्याच्या शेजारी कुणी बसत नाही. पण तो जे बोलला ते कुणालाही फिरवता येत नाही, थोरलीलासुद्धा नाही. कारण त्याने त्याच्यासाठी असलं नसलं सगळं घातलेलं असतं.” थोरली म्हणजे त्यांच्या घरातली सगळ्यात मोठी बाई. तिच्यापुढे पानही हलत नाही.

“असं कुणी केलंय का आजपर्यंत?”

“अजून तरी नाही,” मी म्हणाले.

त्या शनिवारी बाबा खेळायला बसले ते आमची एक भिडू कमी पडली म्हणून. लांबू दर शनिवारी यायची. पण आदल्या महिन्यापासून तिच्या आईने तिचं येणं बंद केलं. फोनवर त्या माझ्या आईला म्हणाल्या, “तुमच्याकडे सध्या ते सगळं चाललंय ना, निस्तरू दे आधी.”

ते सगळं म्हणजे माझी ताई.

ताई सासरहून परत आली ती एका चपलेनिशी. बॅग नाही, पर्स नाही, आणि एका पायात चप्पल नाही. तिचा नवरा कामावर जाताना दाराला बाहेरून कुलूप लावायचा. रोज. सासरे म्हणायचे, “बाईमाणसाची अब्रू आतच बरी.” हे आम्हाला कुणाला माहीत नव्हतं, ताईने कधी सांगितलं नव्हतं. मग एका दुपारी जिन्यातल्या विजेच्या मीटरने पेट घेतला, दाराच्या फटीतून धूर आत यायला लागला आणि ताई खिडकीतून ओरडली. गल्ली गोळा झाली. कुणीतरी दगडाने कुलूप फोडलं. त्या गर्दीतून ताई जी चालत सुटली ती आमच्या दारात येऊन थांबली. तेव्हापासून ती दार बंद असलेल्या खोलीत बसत नाही. जिथे बसेल तिथे दाराच्या खाचेत ती एक चप्पल अडकवते. मागच्या खोलीत ती उंबऱ्यावरच बसायची, अर्धी आत, अर्धी बाहेर.

सासरच्यांचा राग धुरावर नव्हता, कुलपावरही नव्हता. ताई ओरडली, यावर होता.

आणि त्याच शनिवारी सकाळी मोठ्या काकांचा फोन आला होता. काकांचा आवाज फोनमधून स्वयंपाकघरापर्यंत येतो, स्पीकर लावावा लागत नाही. “उद्या सकाळी मी व्याह्यांना आणि जावयाला घेऊन येतोय. पोरीची बॅग भरून ठेवा. चव्हाट्यावर गेलं तेवढं पुष्कळ झालं.”

“हो, दादा,” बाबा म्हणाले.

आईने हातातलं भांडं खाली ठेवलं. ताईने काही ठेवलं नाही, तिच्या हातात काही नव्हतंच.

“आई, बाबा नाही म्हणतील ना?” मी विचारलं होतं.

आईने ओटा पुसून काढला. मग म्हणाली, “दादांपुढे तुझ्या बाबांच्या तोंडून ‘हो’ सोडून दुसरा शब्द निघालेला मी लग्नापासून ऐकलेला नाही. त्यांनी दातांचं काम शिकावं हे दादांनी ठरवलं. माझ्याशी लग्न करावं हे दादांनी ठरवलं. आपण राहतो ते घर दादांचं. ताईला कुठे द्यायचं तेही…” आणि तिने पुसलेलाच ओटा पुन्हा पुसायला घेतला.

म्हणून त्या दुपारची गोष्ट मी मुद्दाम रचली. मला बघायचं होतं.

“ऐका,” मी फासा हातात खुळखुळवत म्हणाले. “खडेवाल्यांच्या एका घरातल्या सगळ्या बायका लढाईला गेल्यात. घरी फक्त एक पुरुष. ते बाबा. त्यांच्या आसऱ्याला एक मुलगी आलीय, दुसऱ्या घरातून पळून.”

“ती मी होते,” ताई उंबऱ्यावरून म्हणाली. “मला सोपं जाईल.”

चष्मिष हसली, मग माझ्याकडे बघून हसायची थांबली.

“पळून आलेल्या मुलीचा शब्द खडेवाले धरत नाहीत. तिच्या वतीने घरातल्या कुणीतरी बोलावं लागतं. आणि आता त्या दुसऱ्या घरची थोरली तिला न्यायला आलीय. चष्मिष, ती तू.”

चष्मिष सोंग घेण्यात एक नंबर आहे. तिने चष्मा काढला, पाठ ताठ केली आणि बाकावर हाताने ठोठावलं. ठक, ठक, ठक. फळीवरचे जबडे किणकिणले. “या घरात आमची एक मुलगी आलीय,” ती भरड्या आवाजात म्हणाली. “घरात बाई कोण आहे?”

“कुणी नाही,” मी सांगितलं.

“मग आमची वाट कोण अडवणार? हा?” तिने बाबांकडे बोट केलं. “हा तर पुरुष आहे. चल गं, ऊठ.”

ताई उठली नाही. तिचा पाय त्या चपलेवर होता आणि अंगठा वळला होता.

“बाबा, तुमची पाळी,” मी म्हणाले. “खडा काढलात तर ती राहील. तुमची अब्रू जाईल, कायमची. नाही काढलात तर ती जाईल.”

बाबांनी मान वर केली. त्यांचा हात मांडीवरून उठला, ओठापर्यंत गेला. अंगठा ओठाला लागला. केसाएवढी कड घासून काढणारा तो हात ओठाशीच थांबला. त्यांनी ताईकडे पाहिलं, मग तिच्या पायाखालच्या चपलेकडे. मग वर, फडक्याने झाकलेल्या त्या साच्याकडे. मी खोटं सांगत नाही, त्यांनी तिकडे पाहिलं.

हात खाली आला.

पुढे काय झालं ते मलाच सांगायचं होतं, कारण ग्रह माझा. “थोरली मुलीला घेऊन गेली,” मी म्हणाले, आणि माझा आवाज पार जुन्या माझ्यासारखा निघाला, बाईंना ऐकू न येणारा.

“असं तोंड काय करतेस?” ताई म्हणाली. “खेळ आहे. आणि बाबा नियमाने वागले.” ती उठली, चप्पल उचलली आणि मोरीत जाऊन बराच वेळ हात धूत राहिली. नळाचा आवाज येत राहिला. चष्मिषने चष्मा घातला आणि “मी निघते गं” म्हणून निघाली.

खेळ संपला तरी बाबांनी खडा काढला नाही. कवळीला मेण लावत बसले. चहा आला तेवढ्यापुरता त्यांनी खडा बशीच्या कडेला ठेवला, चहा प्यायले आणि परत तोंडात घातला. रात्री जेवतानाही तसंच. माझ्या खडेवाल्यांसारखं खडा काढून बडबड करणं काही त्यांना जमलं नाही. आई म्हणाली, “काय पोरखेळ लावलाय.” पण रागावून नाही म्हणाली. ती घाबरली होती. आम्ही सगळीच घाबरलो होतो आणि प्रत्येक जण दुसऱ्याला ते दिसू नये म्हणून भात चिवडत होतो.

सकाळी मी बशी पाहिली. खडा नव्हता.

काकांची गाडी आली की आधी फाटकाची कडी वाजते आणि मग हॉर्न. खरं तर उलटं असायला हवं, पण काका आधी ड्रायव्हरला उतरवतात आणि मग हॉर्न स्वतः वाजवतात. कडी वाजली आणि ताई बसल्या जागी आक्रसली. मी तिला मागच्या खोलीत नेलं. दार अर्धं लोटलं, चप्पल अडकवली. त्या फटीतून आम्हाला पुढची खोली दिसत होती. ताईने माझं मनगट धरलं होतं. तिची बोटं बर्फासारखी होती.

काका नेहमीच्या खुर्चीत बसले. शेजारी व्याही, म्हणजे ताईचे सासरे, आणि पलीकडे जावई. जावई मला नेहमी फार सभ्य वाटायचा. आताही वाटला. कपड्यांना इस्त्री, हात गुडघ्यांवर. त्याच्या शर्टाच्या खिशातून किल्ल्यांचा जुडगा डोकावत होता. ताई फक्त तेवढंच बघत होती.

बाबा भिंतीला टेकून उभे होते. स्वतःच्या घरात, म्हणजे काकांच्या घरात, काका असताना ते कधी बसत नसत. आईने पाण्याचे पेले आणून तिपाईवर ठेवले. तिच्या हातून पाणी ट्रेमध्ये सांडलं.

“बॅग?” काका म्हणाले.

“भरतेय,” आई म्हणाली.

“म्हणजे झाली नाही अजून.” काकांनी व्याह्यांकडे पाहिलं. “माझ्यावर सोडा. या घरात मी शब्द दिला की दिला.”

“तुमच्या शब्दावरच आलो आम्ही,” व्याही म्हणाले. “नाहीतर आमचं काय चुकलं? सून खिडकीत उभी राहून बोंबलते. शेजारीपाजारी गोळा. दूधवाला, इस्त्रीवाला, कुणी म्हणून राहिलं नाही. आजवर आमच्या घरातला आवाज उंबऱ्याबाहेर गेला नव्हता.”

“बरोबर आहे.”

“मी तर म्हणतो, झालं गेलं विसरू. फक्त तिने येऊन आमच्या आजूबाजूच्यांना सांगावं की घाबरून ओरडले, चूक झाली. बस. यापुढे असं होणार नाही, याची काळजी आम्ही घेऊ.”

काळजी आम्ही घेऊ. ताईची नखं माझ्या मनगटात रुतली. मी ओरडले नाही. माझ्या डोळ्यांसमोर फाटकाबाहेर जाणारी गाडी यायला लागली, मागच्या सीटवर ताई, तिच्या दोन बाजूंना ते दोघे. आणि मग एक दार लागतंय. पुढचं मला दिसत नव्हतं. दार लागलं की पुढचं कुणालाच दिसत नाही, हेच तर होतं.

“सांगेल की,” काका म्हणाले. “आमची मुलगी आहे, का नाही सांगणार?”

“आणि हिचे वडील?” व्याही बाबांकडे बघून हसले. “ते काहीच बोलत नाहीत.”

“तो काय बोलणार,” काकाही हसले. काकांचे दात फार सुरेख आहेत. पांढरेशुभ्रही नाहीत, अगदी खरे वाटावेत असे. “मी बोललो म्हणजे तो बोलला. काय रे?”

बाबांनी मान हलवली नाही.

आधी मला वाटलं, त्यांना ऐकू आलं नाही. मग त्यांचा हात वर आला. अंगठा ओठाला लागला. आणि सगळ्यांदेखत त्यांनी दोन बोटं तोंडात घातली, तो गुलाबी खडा काढला आणि पुढे येऊन पाण्याच्या ट्रेमध्ये ठेवला. टिक् एवढाच आवाज झाला.

जावई मागे सरकला. “दात पडला का तुमचा?”

“तोंडात काय होतं तुझ्या?” काका म्हणाले.

“काही नाही, दादा.” बाबांचा आवाज इतका बारीक होता, की मी कान फटीला लावला. “मला एक विचारायचं होतं. ती ओरडली तेव्हा दार कुणी लावलेलं होतं?”

“कसलं दार?” व्याही म्हणाले.

“घराचं. धूर आत येत होता आणि दार बाहेरून बंद होतं. किल्ली कुणाकडे होती?”

जावयाचा हात खिशाकडे गेला आणि मध्येच थांबला, जणू तो हात त्याचा नव्हताच.

“हा काही प्रश्न आहे का,” काका म्हणाले. “प्रश्न अब्रूचा आहे.”

“हो, दादा.” सवयीने निघालं ते. बाबांच्या कपाळावरून घामाची धार निघून कानाकडे चालली होती आणि ते ती पुसत नव्हते. “ती येणार नाही. आज नाही आणि नंतरही नाही. माझी मुलगी आहे, मी सांगतोय.”

“तू सांगतोयस?”

“हो.”

“माझ्या छपराखाली उभा राहून?”

“हो, दादा.”

काका उठले. ते उठले की खोली लहान होते. मला लहानपणापासून त्या उठण्याची भीती वाटते. त्यांनी आम्हाला कधी हात लावला नाही, लावावा लागलाच नाही. “तुला शिकवलं कुणी? उभं कुणी केलं? पोरीचं लग्न कुणी… चारचौघांत माझा शब्द…” ते एवढ्या जोरात बोलत होते, की शब्द एकमेकांवर आदळत होते. आणि मग एका शब्दाच्या मधोमध ते थांबले. तोंड अर्धं उघडं. हात झटकन ओठावर गेला.

आम्हाला तिघींना लगेच कळलं. कवळी सुटली होती.

व्याही मान वाकडी करून बघायला लागले. “काय झालं? बरं वाटत नाही का?”

एक क्षण. मी प्रामाणिकपणे सांगते, त्या क्षणी मला वाटलं, पडू दे. सगळ्यांच्या पुढ्यात खाली पडू दे, ट्रेमध्ये, बाबांच्या खड्याशेजारी. बाबांनी नुसतं उभं राहायचं होतं. काहीच करायचं नव्हतं, आणि न करण्यात तर त्यांचा जन्म गेला होता.

बाबांनी पेला उचलला आणि ते मध्ये जाऊन उभे राहिले. काकांच्या अगदी समोर, पाहुण्यांकडे पाठ करून. बाबा रुंद नाहीत, पण त्यांनी दोन्ही कोपरं जरा बाहेर काढली होती. “पाणी घ्या, दादा. ठसका लागलाय,” ते म्हणाले. पाठीमागे काय झालं ते कुणालाच दिसलं नाही. नुसता पाण्याचा घोट ऐकू आला आणि एक छोटंसं ‘टक’, जे फक्त आम्हीच ओळखतो.

मग बाबा बाजूला झाले. काकांनी रुमालाने ओठ पुसले. ते बाबांकडे बघत नव्हते.

“आजपासून मी तुझं तोंड बघणार नाही,” ते म्हणाले. दात पुन्हा सुरेख जागच्या जागी होते. “महिनाअखेर घर रिकामं कर.”

“बरं, दादा.”

गाडी गेली, फाटक तसंच उघडं राहिलं. बाबा भिंतीला टेकून तिथेच खाली बसले. त्यांची दातखीळ बसल्यासारखी झाली होती. आईने पाणी दिलं तर पेला दातांवर वाजला. ताई बाहेर आली, ट्रेपाशी गेली आणि खड्याकडे बघत उभी राहिली.

“उचलायचा नाही ना तो?” तिने मला विचारलं.

“त्यांनी नाही उचलायचा,” मी म्हणाले. “दुसऱ्याने उचलला तर चालतं.” हा नियम मी तेव्हाच केला.

तिने तो गाउनच्या खिशात टाकला. आईचाच जुना गाउन होता, तिच्याकडे कपडे कुठे होते.

आता आम्ही सायकलच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत राहतो. घर बदलताना सगळे जबडे कागदात गुंडाळून खोक्यांत भरले. वरच्या फळीवरचा एक मात्र बाबांनी टेम्पोत मांडीवर घेतला. लांबू अजून येत नाही. चष्मिष येते. ताई बाबांच्या शेजारी बसून मेणाचे दात कोरायला शिकतेय आणि बाबा म्हणतात तिचा हात बरा आहे. खोलीच्या दारात अजून ती चप्पल असते.

मध्ये नात्यात एक लग्न झालं. जेवताना बाबांच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. लोक ताटं घेऊन येत, बघत आणि पुढे सरकत. माझ्या अंगावर काटा आला, कारण तो नियम माझा होता, माझ्या ग्रहावरचा, पापण्या नसलेल्या माणसांचा. मी जाऊन एका खुर्चीत बसले. दुसरीत ताई बसली. बाबांनी आम्हाला दोघींना लोणचं वाढलं.

काल दुपारी काकांचा ड्रायव्हर आला. जिन्यात उभा राहूनच त्याने साबणाची एक डबी माझ्या हातात दिली. “साहेबांनी दिलीय,” म्हणाला, आणि निरोप विचारला तर नुसती मान हलवली.

बाबांनी डबी उघडली. आत रुमालात काकांची कवळी होती.

“काही म्हणाले?” त्यांनी विचारलं.

“नाही.”

बाबांनी वरच्या फळीवरून तो साचा उतरवला, फडकं काढलं, कवळी त्यावर बसवली आणि डोळ्याजवळ नेऊन खूप वेळ बघत राहिले. “दादांची हिरडी उतरलीय, कवळी टोचतेय,” ते म्हणाले. “दुखत असणार. सांगायचे नाहीत कुणाला.” मग यंत्र सुरू केलं. घर्र. थांबले. पुन्हा घर्र.

“झालं की, बाबा,” मी म्हणाले. “मला तर काही दिसत नाहीये.”

त्यांनी डोळे मिटले आणि कडेवरून अंगठा फिरवला. एका जागी तो अडला.